मिरचीच्या पथारीवरची ट्राम

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी खाली कमेंटमध्ये शहाणपणा शिकवायला नको. भूत, भानामती, करणी, बाहेरची बाधा… यातलं काहीही मी मानत नाही. नुसतं मानत नाही असं नाही, त्याविरुद्ध पत्रकं छापतो. स्वतः लिहितो आणि नंदुरबारच्या बसस्टँडवर उभं राहून स्वतः वाटतो. मोलगी-धडगावच्या बाजारात ‘डाकीण कोणी नसते’ हे पथनाट्य करताना मार खाता खाता वाचलोय. तेव्हा ‘याला आधीपासूनच असल्या गोष्टींची आवड दिसते’ असं कृपया कोणी लिहू नका. मला असल्या गोष्टींचा राग येतो. हे लिहितानाही येतोय.

आणखी एक. या सदरात लोक जागा कधी नीट सांगत नाहीत. ‘कोकणातल्या एका गावी’, ‘घाटातल्या एका वळणावर’ — म्हणजे कोणी तपासायला जायलाच नको! मी सांगतो. नंदुरबारातून प्रकाशाच्या रस्त्याला लागलात की वस्ती संपता संपता मिरचीच्या पथारी सुरू होतात. पथारी म्हणजे चोपून कडक केलेलं मोकळं मैदान. हिवाळाभर त्यावर ओली लाल मिरची वाळत पडलेली असते, नजर जाईल तिथपर्यंत. बाहेरचा माणूस येतो, फोटोसाठी मोबाईल काढतो आणि लगेच शिंकायला लागतो. त्यातल्या एका पथारीच्या मधोमध एक ट्राम उभी होती.

हो, ट्रामच. मुंबईची, विजेवर चालणारी, एकमजली, सागवानी.

पथारीचे मालक आबा. पूर्ण नाव लिहीत नाही. माझा त्यांच्यावर राग आहे, पण बदनामी हा माझा मार्ग नाही. त्यांचे वडील मिरची विकायला मसजिद बंदरला जायचे, ट्रामने फिरायचे. साठच्या दशकात मुंबईने ट्रामी बंद केल्या आणि डबे भंगारात काढले तेव्हा या माणसाने एक डबा विकत घेतला. चाकं नाहीत, मोटर नाही, नुसता डबा. मालगाडीने नंदुरबार स्टेशनला आणला आणि पुढे बैलगाड्या एकमेकींना बांधून पथारीवर. दगडी चौथरा बांधून त्यावर ठेवला. कशाला, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. अख्ख्या मुंबईला जे जपता आलं नाही ते खानदेशातल्या एका मिरचीवाल्याने जपलं, एवढं मात्र मी पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं.

आमची ‘ट्राम बचाव समिती’ म्हणजे मी, माझा मित्र पंकज आणि परीक्षा नसतील तेव्हा येणारी कॉलेजची काही पोरं. आम्ही रविवारी जाऊन हिरव्या ऑइलपेंटचे थर खरवडायचो. खालून काय काय निघालं! पिवळ्या अक्षरांतला नंबर, ‘थुंकू नये’ची पाटी, पितळी कड्या. मुंबईहून एक अभ्यासक गाडी करून आले, ‘अमूल्य ठेवा’ म्हणाले, फोटो काढले आणि गेले. फोन उचलत नाहीत. शेवटी आम्हीच एका शाळेच्या मैदानात जागा मिळवली, पत्र्याच्या शेडची सोय केली. राहिला होता फक्त आबांचा होकार.

आता ट्रामबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ट्रामला पुढा-मागा नसतो. दोन्ही टोकांना ड्रायव्हरची जागा असते. शेवटच्या थांब्यावर ट्राम वळवत नाहीत; ड्रायव्हर या टोकाकडून त्या टोकाला जातो, छतावरचा विजेचा दांडा दोरीने ओढून उलटा करतात आणि कंडक्टर बाकांच्या पाठी पलटवत जातो. बाक तिथल्या तिथे, पाठ मात्र इकडची तिकडे — खट्! — की बसणाऱ्याचं तोंड दुसऱ्या दिशेला.

आबांच्या पथारीवर दरवर्षी मोलगीच्या वरच्या पाड्यांवरून मजुरांचा जथा उतरायचा. बहुतेक बायाच. ट्राम ही त्यांची बसायची, भाकर खायची, लेकरं झोपवायची जागा. आणि त्यांची एक पद्धत होती, कधीपासूनची ते कोणालाच आठवत नाही. दिवाळीनंतर आल्या की बाकांच्या पाठी अशा लावायच्या की तोंड शहराकडे, दक्षिणेला. होळीसाठी घरी निघायच्या दिवशी सगळ्यांनी मिळून पाठी पलटवायच्या. तोंड उत्तरेला, सातपुड्याकडे. आणि एकदा पाठ पलटली की मग मिरचीला हात लावायचा नाही. गाठोडी उचलायची आणि निघायचं.

“एक दिवस जास्त काम केलं तर काय होतं?” मी विचारलं होतं.

“गाडी घरी निघाली,” जमनाबाई म्हणाली. “मग खाली कोण उतरतो?”

ही जमनाबाई जथ्याची मुकादम. पन्नाशीची, नवरा वारलेला, डोंगराच्या उतारावर स्वतःच्या नावाचं थोडं शेत. घरी भिली बोलायची, आमच्याशी शाळेत ऐकलेल्या मराठीत, आणि समोरचा मालक आहे की पुढारी याचा तिच्या जिभेला काही फरक पडायचा नाही. पहिल्याच भेटीत मी बायांना समजावत होतो की ही ट्राम म्हणजे आपला वारसा आहे.

“वारसा म्हणजे?”

“आपल्या आधीच्या लोकांनी ठेवलेली वस्तू. आपण जपायची.”

“मग तुझ्या आधीच्यांनी नुसती गाडीच ठेवली का? पथारीवर संडास नाही ठेवला?”

बाया किती हसल्या! मी चिडलो, पण पुढच्या पत्रकात संडासाची मागणी पहिल्या नंबरला घातली.

तर मूळ गोष्ट. या गेल्या हंगामातली. पौष संपत आला होता, होळी लांब होती. आदल्या संध्याकाळी मोठा माल उतरला आणि बायांनी तो ट्रामच्या पायरीला टेकेपर्यंत चारही बाजूंनी पसरला. अर्धवट सुकलेल्या मिरचीवर पाय पडला की ती फुटते, बी बाहेर येतं, डाग दुरून दिसतो. आम्हाला आत जायचं असलं की बाया दाताळ्याने मिरची बाजूला ओढून वाट करून द्यायच्या आणि बाहेर आलो की परत ओढून घ्यायच्या. वाट मोडली तर आबा दिवसभर शिव्या द्यायचे.

सकाळी मी आणि पंकज पोचलो तर पथारीच्या कडेला सगळ्या बाया उभ्या. कोणी खाली वाकलेलं नाही. 

ट्रामच्या बाकांच्या पाठी पलटलेल्या होत्या, तोंड उत्तरेला. सगळ्या.

दाराला आमचं कुलूप तसंच. मिरचीवर एक डाग नाही. आणि त्या पाठी म्हणजे काही फळ्या नव्हेत! लोखंडी दांडे गंजून बसलेले. आम्ही तेल घालून घालून थकलो होतो. एक पाठ पलटवायला दोघं लागायचे, एक या टोकाला, एक त्या टोकाला, तरी दात-ओठ खावे लागायचे. एवढा खटाटोप झाला असता तर कोपऱ्यातल्या वजनकाट्याच्या खोलीत झोपणारा माणूस जागा झाला असता. त्याने काहीच ऐकलं नव्हतं.

दोन-चार बाया गाठोडी बांधायला लागल्या. आबा अहिराणीत ओरडत धावत आले.

“अजून होळीले टाईम शे! मिरची काय तुमना बाप उचली का?”

आणि हे नीट वाचा — त्या दिवशी जथा थांबवला तो आबांनी नाही, आमच्या समितीनेही नाही. जमनाबाईने थांबवला. ती आत गेली, पाठींकडे बघून आली आणि बायांना भिलीत काहीतरी बोलली. मग आमच्यासाठी मराठीत म्हणाली, “मी नाही पलटवली. यांनी नाही पलटवली. मग गाडी नाही निघाली. चला कामाला.” बाया गेल्या. पण दबकत.

मी काय केलं? मला जे येतं तेच. पत्रक. मथळा — ‘भूत नव्हे, माणूस!’ खाली — बाकांच्या पाठी आपोआप पलटत नाहीत. हे कोणा तरी माणसाचंच काम आहे. त्या माणसाला आम्ही शोधून काढल्याशिवाय राहणार नाही. दुपारपर्यंत झेरॉक्स काढून पथारीपथारीवर वाटलं. अफवा पसरायच्या आत गाडायची असते, हे आम्हाला शिकवलेलं.

आबांनी माझं एकही पत्रक आजवर वाचलं नव्हतं. हे वाचलं. घडी करून खिशात ठेवलं.

“लेका, तुन्हं हाई पैलं पत्रक माले पटनं,” ते म्हणाले. “मानूस. बराबर शे. मंग कोन? दुसरी किल्ली कोनकडे शे?”

दुसरी किल्ली जमनाबाईकडे होती. बायांचे डबे, लेकरांची टोपडी तिथेच असायची म्हणून मीच दिली होती.

आबांचं गणित सरळ होतं. जमनाला जथा लवकर घरी न्यायचाय, किंवा दुसऱ्या पथारीवाल्याने तिला फितवलंय. मी म्हटलं, अहो, तिनेच तर जथा थांबवला! तर म्हणे, “तीच तर चालाखी शे.”

असल्या तर्काला तोंड कुठून द्यायचं, सांगा.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण जथ्यात जमनाबाईचा दीर होता, पोती उचलायला. त्याने संध्याकाळी शेकोटीजवळ काही बायांना सांगितलं की वहिनीच्या हातात पहिल्यापासून ‘काहीतरी’ आहे. भाऊ मेला तेव्हाही त्याला वाटलं होतं. पंकजने मला हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. एकटी बाई, तिच्या नावावर जमीन, आणि ‘काहीतरी आहे’ म्हणणारा दीर. हीच गोष्ट आम्ही बाजारात ढोलकी वाजवून करून दाखवतो. तिच्या शेवटी काय होतं तेही करून दाखवतो. बाईला घरातून काढतात. नशीब असेल तर नुसतंच काढतात.

म्हणून मी ठरवलं, तपासणी करायची. उघड, सगळ्यांसमोर. पाठी पलटवून बाकांची तोंडं परत शहराकडे केली. प्रत्येक पाठ आणि बाक यांच्यामध्ये कागदाची पट्टी डिंकाने चिकटवली, प्रत्येक पट्टीवर माझी सही. खिडक्यांच्या लाकडी झडपा आतून लावल्या. कुलूप लावलं. जमनाबाईकडची किल्ली सगळ्यांसमोर मागून घेतली. दोन्ही किल्ल्या माझ्या पँटच्या खिशात. मग बायांनी मिरची ट्रामच्या चौथऱ्यापर्यंत ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. बाया, दीर, सगळा जथा शहरात गेला. वजनकाट्यावरचा माणूसही गेला. मी निंबाच्या झाडाखाली बसून राहिलो, ट्राम समोर, मध्ये लाल मिरची. जमनाबाई गेली नाही.

“तुम्ही जा ना बाजारात,” मी म्हटलं.

“मी गेले आणि परत काही झालं, तर म्हणतील बाजारातून आली होती. तुझ्यासमोर बसते.”

दुपार झाली. तिने भाकर सोडली, अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली. वर उडदाची डाळ.

“तू लग्न कर,” ती म्हणाली.

“का?”

“मग गाडीचं वेड जाईल.”

“गाडीने तुमचं काय बिघडवलंय?”

“माझं नाही, तुझं. डोकं.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली, भाकर चावता चावता.

तेव्हा पहिला आवाज आला. खट्.

मला वाटलं उन्हाने फळी तडकली. मग पुन्हा. खट्. मग पुन्हा. घाई नाही, मध्ये अडखळणं नाही. रोजचं काम असलेला माणूस चालत चालत एकेक पाठ पलटवत पुढे जाईल तसा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला. लख्ख ऊन. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्यावरचं गाणं मला ऐकू येत होतं. ट्रामच्या झडपा बंद, दाराला कुलूप.

मी जमनाबाईकडे बघितलं. तिचा घास हातातच होता.

“आत कोणाला ठेवलंस?” तिने मला विचारलं.

मला! म्हणजे तिला वाटलं, हा पोरगा आपल्याला अडकवतोय. तो प्रश्न मला अजून टोचतो.

तुम्ही विचाराल, व्हिडिओ का नाही काढला? मोबाईल माझ्या मांडीवर होता. सुचलं नाही. हसा.

आवाज थांबले तसा मी मिरचीवरून चालत गेलो. पायाखाली मिरची फुटत होती, ठसका लागत होता, आणि मागे वळून बघितलं तर डाग माझ्या एकट्याच्या पायांचे. चौथऱ्याभोवती एक फेरी मारली. कुठेच काही नाही. मग कुलूप काढलं.

सगळ्या पाठी पलटलेल्या, तोंड सातपुड्याकडे. माझ्या सहीच्या पट्ट्या मधोमध फाटलेल्या. बाकांवरची धूळ जशीच्या तशी. आत माणूस नाही, मांजर नाही, काही नाही.

दोन गोष्टी मी तेव्हा कोणालाच सांगितल्या नव्हत्या, इथे पहिल्यांदा लिहितोय. एक म्हणजे वास. तिथे बारा महिने मिरचीचाच वास असतो, कपड्यांतून जात नाही. त्या वेळी आत तो अजिबात नव्हता. शेतावरच्या मोटरीचा स्टार्टर जळाला की येतो ना, गरम तांब्याचा, ठिणगीचा, तसला वास होता. त्या डब्यात वीज साठ वर्षांत आलेली नाही. दुसरी म्हणजे पायाखालची फळी. ती बारीक थरथरत होती. मी बाहेर येऊन चौथऱ्याच्या दगडावर तळहात टेकला. दगड गार, स्थिर. परत आत गेलो. फळी थरथरत होती. मग हळूहळू थांबली.

मी बाकावर बसलो. झडपेच्या फटीतून डोंगराची निळी रेघ दिसत होती, अगदी नाकासमोर.

बाहेर जमनाबाई मिरचीच्या कडेलाच उभी होती. आत ये म्हटलं तर आली नाही. काय झालं, कोण होतं, काही विचारलं नाही. एवढंच विचारलं —

“मी इथंच होते ना?”

“हो.”

“तू बघितलंस ना?”

“बघितलं.”

“मग सांगशील?”

मी हो म्हटलं. हो म्हणताना मला ते फार सोपं वाटलं होतं.

बाजारातून जथा परत यायच्या आत आबा आले. माझे डाग त्यांनी लांबूनच बघितले होते. पाठी बघितल्या, फाटलेल्या पट्ट्या बघितल्या आणि मला झाडामागे घेऊन गेले. पंकजलाही फोन करून बोलावून घेतलं होतं.

“हाई दख,” ते म्हणाले. आवाज गोड होता, म्हणजे विचार करून आले होते. “तू लोकेसले इतलंच सांग, तुले झोप लागनी व्हती. डोळा लागना, किल्ली खिशामाईन कोन्ही काढी लिधी. बस. मंग ट्राम तुन्ही. क्रेन मी बोलावस. तुन्हा मैदानवर नेई ठेव.”

“आणि जमनाबाई?”

“ती जाई तिन्हा घर. दुसरी मुकादम भेटस.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“मंग हाई गाडी भुतनी व्हयी. भुतनी गाडी पथारीवर ठेवी तं पुढला साल एक बाई येवाव नही. गॅस-कटर बोलावस आन् भंगारमा दी टाकस.”

पंकज मला बाजूला घेऊन म्हणाला, “एक वाक्य आहे यार. झोप लागणं हा काय गुन्हा आहे? एवढी वर्षं टिकलेली वस्तू, एका वाक्यावर वाचतेय. आणि तुला खरंच वाटतं का, की कोणीच केलं नाही? माणसानेच केलंय ना? तूच लिहिलंयस ना?”

मीच लिहिलं होतं. त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

जथा आला. बायांनी पाठी बघितल्या आणि गलका झाला. आबांनी सगळ्यांना वजनकाट्याजवळ गोळा केलं. जमनाबाई एका बाजूला उभी, हात पदरात. दीर पुढेच होता. तो मोठ्याने काही बोलला नाही. शेजारच्या म्हातारीला एवढंच म्हणाला, आणि मला ऐकू यावं इतक्या बेताने म्हणाला, की वहिनीला उठावं लागत नाही, ती बसल्या जागी करते.

तेव्हा मला ते सगळं एकदम दिसलं. झोप लागली म्हटलं तर ही बाई लबाड. जागा होतो म्हटलं तर दीर म्हणतो ते. माणसाने केलं म्हणा, नाहीतर दुसऱ्या कशाने म्हणा, बोट त्याच बाईकडे! माझं पत्रकही तिच्याकडेच बोट दाखवत होतं आणि त्या दिराचं ‘काहीतरी’ही. आणि मी तिच्या शेजारी बसून तिची अर्धी भाकर खाल्ली होती.

मी पोत्यावर चढलो. सवय आहे. पण घोषणा आली नाही तोंडात.

“दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात होत्या,” मी म्हटलं. “कुलूप मी लावलं. पट्ट्या मी लावल्या, सह्या माझ्या. मला झोप लागली नव्हती. जमनाबाई पूर्ण वेळ माझ्या शेजारी बसून भाकर खात होती, तिच्या हातात घास होता. हे माणसाने केलं असेल तर तो माणूस मीच असला पाहिजे, दुसऱ्या कोणाला जमणारच नाही. बोट दाखवायचं तर इकडे दाखवा. आणि मी केलेलं नाही. कसं झालं ते मला माहीत नाही.”

कोणीतरी मागून ओरडलं, “नेताले भूत लागनं!” आणि सगळे हसले. बायाही हसल्या. मी हसू दिलं. हसत होते तोपर्यंत कोणी जमनाबाईकडे बघत नव्हतं.

आबा म्हणाले, “मंग झायं.”

गॅस-कटरवाला आला तेव्हा मी तिथेच होतो. निषेधाचा फलक घेऊन उभा राहायचं ठरवलं होतं, पण फलक लिहायला बसलो आणि काय लिहावं सुचेना. सागाच्या फळ्या पहारीने उचकटल्या, लोखंड कापलं, ‘थुंकू नये’ची पाटी टेम्पोत पडली. साठ वर्षांपूर्वी मुंबईने जे केलं तेच आम्ही केलं, फक्त उशिरा. आबांचा निषेध. मुंबईचा निषेध. फोन न उचलणाऱ्या अभ्यासकांचा त्रिवार निषेध. ट्राम काही परत येत नाही.

टेम्पोवाल्याकडून एक बाक मात्र मी मागून घेतला. तो माझ्या खोलीत आहे. त्याची पाठ मी बोल्ट मारून पक्की केलीय. जतनाच्या प्रत्येक नियमाच्या विरुद्ध आहे हे, जुन्या वस्तूत नवं भोक पाडणं म्हणजे गुन्हाच. मीच पोरांना शिकवायचो. पाडलं. असंख्य वेळा बोल्ट तपासतो. सैल झालेला नाही अजून.

चळवळीतल्या वरिष्ठांचा फोन आला. ‘माहीत नाही’ हे वाक्य मागे घे म्हणाले; असल्या वाक्यावरच बुवा-भगतांची दुकानं चालतात. त्यांचं म्हणणं मला कळतं. मीही कोणाला हेच म्हणालो असतो. मागे घेतलेलं नाही. पंकज बोलत नाही. बसस्टँडवर पोरं मला ‘भूतवाला’ म्हणतात.

जथा होळीला निघाला तेव्हा पलटवायला पाठी नव्हत्या. बाया रिकाम्या चौथऱ्याजवळ थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि निघाल्या. मुकादम जमनाबाईच होती. भर हंगामात दुसरी आणायची आबांची हिंमत झाली नाही.

पण दीरही जथ्याबरोबर त्यांच्याच जीपने गेला होता. तो पाड्यावर काय सांगेल हे मला माहीत होतं. म्हणून होळीच्या तोंडावर मीही गेलो. मोलगीपर्यंत जीप, काठी गावच्या मोठ्या होळीला निघालेल्या माणसांनी टपावरही भरलेली, आणि पुढे चालत. पाड्यावर दिराने बोलणं सुरू केलंच होतं. मोहाच्या झाडाखाली चार जुनी माणसं बसली. मी किल्ल्या, कुलूप, पट्ट्या, भाकर, सगळं परत सांगितलं. एका शिक्षकाने भिलीत करून दिलं.

एका म्हाताऱ्याने विचारलं, “मग केलं कोणी?”

“माहीत नाही.”

“शिकलेला आहेस ना?”

“हो.”

“शिकून पण माहीत नाही?”

“नाही माहीत.”

ते आपसात बराच वेळ बोलले. दीर काडीने माती उकरत बसला होता. मग म्हातारा उठला, धोतर झटकलं, आणि सगळे होळीचा दांडा बघायला गेले. शिक्षक म्हणाला, झालं, विषय संपला. या वर्षापुरता तरी.

जमनाबाई मला उतारापर्यंत सोडायला आली. 

“आज तुझं पत्रक छोटं होतं,” शेवटी म्हणाली.

“हो.”

“छोटंच लिहीत जा.”

तर, माझ्याकडे उत्तर नाही. मी त्या दांड्यांची रचना कागदावर काढून बघितली, हादरा रेल्वेचा असेल म्हणून गाड्यांच्या वेळा बघितल्या, उन्हाने लोखंड किती फुगतं ते विचारून आलो. जुळत नाही. तुमच्याकडे काही कारण असेल तर जरूर लिहा — गंज, हादरा, स्प्रिंग, काहीही — मी तपासून बघीन, अजूनही मला कारणच हवं आहे. फक्त कारण म्हणून त्या बाईचं नाव लिहू नका. तिने केलं नाही. या सगळ्यात पक्कं माहीत असलेलं माझ्याकडे तेवढंच आहे.